चकतीवरचा आकडा

प्रिय सूनबाई,

तुझ्या आईच्या पायाचं प्लॅस्टर कधी निघतंय? सावकाश ये, तिची नीट काळजी घे, असं लिहायला हवं खरं. पण खोटं कशाला बोलू, मला घाई आहे. जाताना तू नवऱ्याला सांगून गेलीस, की परत आल्यावर बाबांच्या हाताखाली काम करणार नाही, दुसरा ठेकेदार बघणार. त्यानं मला हे सांगितलं तेव्हा मी मोठ्या ऐटीत म्हटलं, गेली तर गेली! त्या दिवसापासून आपली कामाची गाडी जागची हललेली नाही आणि पाच गिऱ्हाइकांना मी काहीबाही सबबी सांगून टोलवलंय.

लग्न होऊन आलीस तेव्हा तू माझ्या वायरिंगच्या धंद्यात पडशील असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. आमचे चिरंजीव साधा बल्ब बदलायचा तरी तीनदा विचार करतात. आणि तू दुसऱ्याच महिन्यात घरातली बिघडलेली इस्त्री उघडून बसलेली! मी ओरडलो, तर म्हणालीस, बाबा, ओरडा नंतर, आधी हा स्क्रू धरा. मी मुकाट्यानं धरला. मला जे शिकायला दहा वर्षं लागली ते तू चार वर्षांत शिकलीस. पंपाला नुसता कान लावून सांगतेस, बेअरिंग गेलंय की पंख्यात कचरा अडकलाय. वायरीवायरीला नावाची चिठ्ठी लावतेस. मी त्या चिठ्ठ्यांची टिंगल करायचो, तुला बालवाडीच्या बाई म्हणायचो. आता सांगतो, तू जोडलेलं पॅनेल उघडलं की मन कसं निवतं. तोंडावर कधी बोललो नाही, कारण डोक्यावर चढून बसशील अशी भीती. मूर्खपणा, दुसरं काय!

आता त्या दिवसाचं. त्या पोहणाऱ्या बाईंना डॉक्टरांनी कंबरेच्या दुखण्यावर रोज अर्धा तास पाण्यात घालवायला सांगितलेला, आणि पंप बंद म्हणून घरचा पोहण्याचा तलाव हिरवागार झालेला. पंप त्यांनी परदेशातल्या जुन्या घरून आणला होता. तिथली लाइन एकशेपंधरा व्होल्टची, इथली दोनशेतीसची. काम ते केवढं! मोटारीचं मागचं झाकण काढायचं, आतली बोटाच्या पेराएवढी चकती ओढून फिरवायची, बारक्या खिडकीत दोनशेतीस आलं की सोडायची. चुकून एकशेपंधरावर राहिली तर स्विच टाकताच मोटार जळालीच म्हणून समज. मी चकती फिरवली, वाकून पाहिलं, दोनशेतीस म्हणून ठणकावून सांगितलं आणि तुला मेन स्विच टाकायला फर्मावलं. तू हललीच नाहीस. काम चालू असताना कुणी चुकून टाकू नये म्हणून स्विचला तुझं कुलूप, किल्ली तुझ्या खिशात. बाबा, एकदा परत बघता का, एवढंच म्हणालीस. बाईंसमोर माझा पारा चढला. तुझ्या जन्माच्या आधीपासून हे करतोय, आण ती किल्ली, म्हणून मी अंगावर आलो. दुसरी कुणी असती तर किल्ली फेकून चालती झाली असती. तू शांतपणे गुडघ्यावर बसलीस, परत एकशेपंधरावरच जाऊन बसलेली ती चकती दोनशेतीसवर फिरवलीस आणि मग कुलूप काढलंस. पंप गुणी बाळासारखा चालू झाला. बाईंनी शाबासकी दिली ती मला. आणि मी ती मिशीवर ताव देत घेतली.

घरी येऊन मुलाला काय सांगितलं? तर आकडा बरोबरच होता, हिनं गिऱ्हाइकासमोर उगाच शहाणपणा करून माझी शोभा केली. त्यानं बापाचं खरं मानलं. तू दारातच उभी होतीस. एका वाक्यात मला उघडा पाडू शकली असतीस, पण तू ब्र काढला नाहीस. माझी लाज तू राखलीस आणि तुझी मी घालवली.

आज सकाळी मुलाला समोर बसवून सगळं खरं सांगितलं. बाईंनाही फोन केला. पण एक गोष्ट तुला मीच सांगायला हवी, म्हणून हे पत्र. त्या दिवशी आकडा मी चुकीचा वाचला नाही. मला तो वाचताच येत नव्हता. माझ्या दोन्ही डोळ्यांची मधली नजर गेलीय. जिथे नजर लावावी नेमका तिथेच काळा डाग, कडेचं काय ते दिसतं. परत येणार नाही, असं डॉक्टर आठ महिन्यांपूर्वीच म्हणालेत. हातातलं काम जाईल म्हणून घरात कुणाला सांगितलं नाही. बोटांनी आणि अंदाजानं निभावत होतो. हे पत्रही तसंच लिहितोय, ओळी वाकड्या गेल्या तर सांभाळून घे. त्या दिवशी तू किल्ली दिली असतीस तर नुसती मोटार जाऊन भागलं असतं की आणखी काही झालं असतं, या विचारानं अंगावर काटा येतो. आता धंदा तुझ्या हाती. मी शेजारी बसेन, विचारलंस तर सांगेन. तू नाहीच म्हणालीस तर धंद्याला कुलूप लावेन, पण पुन्हा कुणाच्या घरी अंदाजानं हात घालणार नाही. आणि हो, नवऱ्याजवळ तू म्हणालीस ना, की बाबा माझ्याशी बोलताना हल्ली भिंतीकडे बघतात, मी त्यांना नकोशी झालेय? अगं वेडे, सरळ पाहिलं की तुझा चेहराच नाहीसा होतो. भिंतीकडे बघतो तेव्हाच तू मला दिसतेस.

तुझाच,
बाबा