टेम्पोतून आलेल्या मशिनी

बाई,

मला किळस आली आहे आणि ती कुणापाशी बोलावी हे कळत नाही. घरी बोलले तर म्हणतात, पगार मिळतो ना, मग गप बस. संस्थेत बोलायची सोय उरलेली नाही. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण शिवणकामाच्या वर्गातली गोष्ट सांगायला मला अजून तुमच्याशिवाय दुसरं माणूस सुचत नाही, म्हणून लिहिते.

मी आता नगरजवळच्या एका खासगी आयटीआयमध्ये मुलींना शिवणकाम शिकवते. राहते केडगावला. आमच्या संस्थेची अशी काही केंद्रं जिल्ह्यात आहेत. मागच्या वर्षी संस्थेनं एक नवीन गोष्ट काढली, तिला नाव दिलं परस्पर पाहणी. एका केंद्रातल्या शिक्षकांनी दुसऱ्या केंद्रात जायचं, तिथल्या वर्गात मागे बसायचं, काय चांगलं चाललंय, काय कमी पडतंय ते बघायचं, आणि मग दोघांनी मिळून त्यात सुधारणा करायची. कुणी साहेब येऊन तपासणार नाही, आपल्यासारखंच शिकवणारं माणूस येणार. मीटिंगमध्ये हे सांगितलं तेव्हा बाकीचे मोबाईल बघत होते. मनापासून आनंद झालेली मी बहुतेक एकटीच. कारण मला तुमचं स्वयंपाकघर आठवत होतं.

मिशनच्या आवारात मागच्या बाजूला तुमच्या दोन खोल्या. मी संगमनेरकडच्या खेड्यातून आलेली, घरची आठवण येऊन रडायचे, म्हणून होस्टेलमधून संध्याकाळी तुम्ही मला बोलावून घ्यायचात आणि काहीतरी काम हातात द्यायचात. एका शनिवारी मी ओट्याशी उभी राहून लसूण सोलतेय. भरतकामाच्या बाई खुर्चीवर बसल्या आहेत. त्या दर शनिवारी तुमच्या वर्गात शेवटच्या बाकावर विणकाम घेऊन बसत आणि तुम्ही त्यांच्या वर्गात बसत असा. आम्हा मुलींना वाटायचं, दोघींना एकमेकींची करमणूक आहे. त्या चहाचा घोट घेतात आणि म्हणतात, "आज बाहीचा मुंढा कसा कापायचा ते एकीलाही कळलं नाही. तुम्ही फळ्याकडं तोंड करून बोलता."

"मग पोरींनी विचारायचं होतं," तुम्ही म्हणता.

"तुम्हाला विचारायची हिंमत आहे का कुणाची?"

तुम्ही स्टोव्हला पंप मारत राहिलात, गरज नसताना. दुसरा कप त्यांना विचारला नाहीत, आणि त्या गेल्यावर मला म्हणालात, "लसूण किती जाड सोलतेस." पुढचे काही दिवस तुम्ही दोघी व्हरांड्यात समोरासमोर आलात तरी बोलत नव्हता, आम्ही सगळ्या बघत होतो. पण सोमवारी तुम्ही वर्गात आलात ते जुनी वर्तमानपत्रं घेऊन. प्रत्येकीला एकेक पान दिलंत आणि म्हणालात, "मुंढा मी नीट शिकवला नव्हता. परत करू." आणि मग बाकाबाकाशी वाकून, आमच्या हाताखाली हात धरून कापायला लावलंत. मी आजवर जेवढे मुंढे कापले ते त्या सोमवारचे आहेत. माझ्या डोक्यात परस्पर पाहणी म्हणजे हे होतं. मी मूर्ख होते.

मला कोल्हारच्या पुढे, आडवाटेला असलेलं केंद्र दिलं. बरोबर दुसऱ्या एका केंद्रातले वायरमन शिकवणारे सर होते. आम्ही गेटशी उतरलो तर फ्लेक्सवर माझा फोटो. मुली औक्षणाची ताटं घेऊन उभ्या, कुणाकुणाच्या मागून आणलेल्या साड्या नेसून, सकाळपासून उन्हात. एकीच्या पदराला लावलेली पिन सुटून बोटात गेली होती, ती तशीच हसत उभी. शाल, नारळ, मग माइकवर भाषणं. सहकार्यातून गुणवत्तेकडे, असं काहीतरी प्रत्येकजण म्हणत होता. तिथल्या प्राचार्यांनी तर आम्हाला दीपस्तंभ म्हटलं. मी वर्गात कधी जायचं ते विचारलं तर म्हणाले, "आधी नाश्ता घ्या मॅडम, वर्ग कुठं पळून जातोय."

शिवणकामाच्या वर्गात शिकवणारी मुलगी नवीनच लागलेली, माझ्याहून बरीच लहान. खिडकीशी चार मोटरच्या मशिनी ओळीनं, चकाचक. मुली बाकांवर हाताची घडी घालून. मी सहज एका मशीनशी गेले आणि तिच्या मानेवर ओळीनं चिकटवलेल्या मरून टिकल्या दिसल्या. आमच्या वर्गात एक मुलगी आहे, शिवताना घाम आला की कपाळाची टिकली काढून मशीनला चिकटवते आणि तिथंच विसरते. मी तिला कितीदा बोलले आहे. ती मशीन आमची होती. चारही आमच्या होत्या. आदल्या दिवशी आमच्या केंद्रातून त्या टेम्पोत चढवताना मी स्वतः पाहिल्या होत्या. सर्व्हिसिंगला चालल्यात, असं मला सांगितलं होतं. माझ्या मुली तिकडे मशिनीविना काजं-बटणं करत बसल्या असणार.

"या मशिनी आमच्या आहेत," मी म्हणाले. सगळ्यांसमोर म्हणाले. शिकवणाऱ्या मुलीचा चेहरा पांढरा पडला. पहिल्या बाकावरची एक मुलगी, तिला वाटलं आता बोलायला मुभा आहे, ती म्हणाली, "मॅडम, ह्या मशिनी उद्या बी ऱ्हातील का हितं?"

"का गं?"

"न्हाई, कालच आल्यात. सर म्हनले हात लावू नका, परत जायाच्यात."

मी तिला उठवलं आणि मशीनवर बसवलं. बॉबिन भरायला सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली. दुसरीला बसवलं. तिनं सुई बघितली, बटण दाबलं आणि मोटरच्या आवाजानं दचकून हात मागे घेतला. वर्ष संपत आलेल्या मुली, बाई. दोन महिन्यांनी त्यांच्या हातात प्रमाणपत्र पडणार आणि त्या कुठल्यातरी गारमेंटच्या दारात उभ्या राहणार.

मी वायरमनच्या सरांना बाजूला घेऊन सांगितलं. ते चांगले माणूस आहेत, निवृत्तीला आलेले. म्हणाले, "मॅडम, आपण पाहुणे. पाहुण्यानं घरातली भांडी मोजायची नसतात." प्राचार्यांना सांगितलं तर ते हसले. "परस्पर सहकार्य म्हणजे दुसरं काय असतं? तुमच्याकडं आहेत, आमच्याकडं नाहीत. आणल्या, दिल्या." आणि जेवायला चला म्हणाले. बासुंदी होती. वाढायला मुलीच, त्याच मागून आणलेल्या साड्यांत, आणि आमची ताटं धुवायलाही त्याच. वायरमनचे सर दुसऱ्यांदा बासुंदी घेत होते आणि त्यांच्या मिशीला साय लागली होती. मी उठले आणि वर्गात परत गेले. जेवणाची सुट्टी होती तेवढा वेळ एकेकीला मशीनवर बसवत राहिले. मशीन सुरू करून देणं, सुई ओवणं, सरळ शिलाई. त्यापुढे जायला वेळ मिळाला नाही.

ती शिकवणारी मुलगी नळाशी गाठून मला म्हणाली, "ताई, तुम्हाला काय वाटलं, मला हे नाटक आवडतं? अख्खं वर्ष मी दोन पायमशिनींवर काढलं. मागणी करून करून थकले. तुम्ही खरं लिहा, नाही म्हणत नाही. पण लिहून तुम्ही बसनं घरी जाल. मी इथंच आहे. आणि माझ्या मुलींसमोर मला उघडं पाडायची गरज नव्हती."

निघताना प्राचार्यांनी अहवाल पुढे केला. टाइप करून तयार. आम्ही काय पाहिलं, आम्हाला काय आवडलं, सगळं आधीच लिहिलेलं. सरांनी सही केली. मी केली नाही. त्याच कागदाच्या मागे लिहिलं की इथं मोटरच्या मशिनी नाहीत, पाहणीसाठी आणलेल्या आमच्या केंद्राच्या आहेत, मुलींना त्या चालवता येत नाहीत आणि त्यात शिकवणारीचा दोष नाही.

मला वाटलं होतं कुणीतरी ओरडेल, नोटीस देतील. तसलं काही झालं नाही, ते झालं असतं तर बरं वाटलं असतं. आमच्या प्राचार्यांनी बोलावून चहा दिला. म्हणाले, "आपल्याच मशिनी आणि आपणच बोंब मारायची? शोभतं का?" मग माझ्या जागी दुसऱ्या एका मॅडमचं नाव घालून अहवाल नव्यानं झाला. त्या मॅडम कोल्हारच्या पुढे कधी गेल्याही नसतील. वार्षिक समारंभात त्या केंद्राला ढाल मिळाली. मी टाळ्या वाजवणाऱ्यांच्या रांगेत बसले होते, आणि शेजारच्या बाईंनी कोपर मारून सांगितलं, "वाजवा की." मी वाजवल्या नाहीत. एवढीच माझी बहादुरी.

पुढे आमच्या केंद्राची पाहणी झाली. आदल्या दिवशी टेम्पो आला. कापडाच्या कडा गुंफायची ओव्हरलॉकची मशीन उतरवली, आमच्याकडे ती कधीच नव्हती. मी म्हटलं, माझ्या वर्गात ठेवायची नाही. मग ती हॉलमध्ये फुलांच्या माळेशेजारी ठेवली. पाहणीला आलेले दोघे माझ्या दारात आले, आत न येता फोटो काढला, आणि मला शेरा दिला उत्कृष्ट. माझं शिकवणं एक वाक्यभरसुद्धा कुणी ऐकलं नाही, बाई, आणि मी उत्कृष्ट आहे. तो शेरा भिंतीवर लावलाय. रोज त्याच्याखालून वर्गात जावं लागतं. कुणी घाणेरड्या हातानं पाठीवर थाप मारावी तसं वाटतं.

मी या सगळ्यावर पाणी सोडलं होतं. तेवढ्यात त्या मुलीचा फोन आला. कोल्हारची, शिकवणारी. म्हणाली, "ताई, एक दिवस रजा काढून तुमच्या वर्गात बसले तर चालेल का? मोटरच्या मशीनवर कसं शिकवतात ते मी कधी बघितलेलंच नाही. आणि नंतर तुम्ही माझ्याकडं या. संस्थेला सांगायचं नाही." ती पहिल्या एसटीनं आली. शेवटच्या बाकावर बसली. शाल नाही, नारळ नाही. मी त्या दिवशी पंजाबी ड्रेसची बाही शिकवली आणि, तुम्हाला म्हणून सांगते, फार छान शिकवली. मनात म्हटलं, बघ, शिकवणं असं असतं.

सुटल्यावर आम्ही रस्त्यापलीकडच्या टपरीवर चहा घेतला. तिनं पुष्कळ विचारलं, लिहून घेतलं. मग वही मिटली आणि म्हणाली, "ताई, राग येणार नसेल तर एक बोलू?"

"बोल की."

"मुलीचं चुकलं की तुम्ही तिच्या हातातनं कापड काढून घेता आणि स्वतः शिवून देता. मी आज बघत होते. बाह्या सगळ्यांच्या झाल्या, पण निम्म्या तुम्ही शिवल्यात. माझ्या मुलींना मशीन मिळत नाही. तुमच्या मुलींना मिळते, पण मधे तुम्ही येता."

मी हसले. म्हणाले, "बरं झालं सांगितलंस." तिच्या चहाचेही पैसे दिले, तिला स्टँडवर सोडलं, बस हलेपर्यंत थांबले. घरी आले आणि कुकरचं झाकण आपटून लावलं. कालची पोर. दोन पायमशिनींवर शिकवणारी. मला शिकवते. दुसऱ्या दिवशी वर्गात मी हात मागे बांधून उभी राहिले, एक मुलगी बाही उलटी जोडत होती, आणि मला ते बघवेना. शेवटी मी कापड ओढून घेतलंच. त्यानंतरच्या दिवशी घेतलं नाही. ती मुलगी रडकुंडीला आली, तिनं उसवलं, परत जोडलं, परत उसवलं. तिची बाही वाकडी झाली आहे, पण तिची आहे.

तेव्हा ती पोर म्हणाली ते खरं आहे. संस्थेच्या फ्लेक्सखाली एवढ्या पाहण्या झाल्या, त्यातून मला जे कुणी सांगितलं नाही ते हिनं एका चहात सांगितलं. हे मी कुणापाशी कबूल करणार नाही, तिच्यापाशी तर नाहीच, म्हणून हे पत्र कुठे द्यायचं नाही. शिवणाच्या कपाटात कागदी नमुन्यांखाली ठेवून देईन.

एवढंच राहिलं. शनिवारी तिच्या वर्गात बसायची पाळी माझी आहे. ती वाट बघत असेल, काहीतरी शिकायला मिळेल म्हणून. आणि मी, बाई, ती चहा पिऊन गेली त्या दिवसापासून, तिच्यात काय खोट काढायची ते मनात जुळवत बसले आहे.