नखाएवढा स्विच

कोल्हापूर, दसऱ्याचा दुसरा दिवस, १९८४. संध्याकाळ.

राग अजून गेलेला नाही. आमच्या पॉलिटेक्निकच्या लॅबमधला तो एकाच बोर्डावरचा छोटा कॉम्प्युटर आज सुरूच होईना. चालू केल्यावर त्यानं कंपनीचा प्रोग्राम घ्यायचा की मी लिहिलेला, हे त्याच्यावरचा नखाएवढा स्विच ठरवतो. सुट्टीआधी मी तो माझ्या प्रोग्रामकडे केला होता. बोर्डावरच्या छोट्या पडद्यावर माझे आकडे छान धावत होते. आज नुसता अंधार.

विभागप्रमुख सर सगळ्या पोरांसमोर म्हणाले, "मॅडम, कंपनीनं दिलंय तसं ठेवायला काय होत होतं? आता बोर्ड कपाटात ठेवा. परत हात लावायचा नाही."

का नाही लावायचा? मॅन्युअल शेवटपर्यंत वाचलंय कुणी? मी एकटीनंच ना?

सर गेल्यावर मी भिंग घेऊन बसले. त्या नखाएवढ्या स्विचच्या फटीत लाल भुकटी! शिपाई बंडूमामांना हाक मारली.

"कुंकू हाय की त्ये," मामा म्हणाले. "खंडेनवमीच्या पूजेला सायबांनीच मूठभर टाकलं. मी म्हनलं, चिमूटभर बास. ऐकत्यात व्हय?"

बोर्ड कागदावर झटकला. उरलेलं ब्रशनं, स्पिरिट लावून काढलं. वाळल्यावर चालू केला. एक, दोन, तीन... माझेच आकडे!

स्विच कंपनीच्या बाजूला नेला नाही. नेणारही नाही. बोर्ड तसाच चालू, सरांच्या टेबलावर ठेवून आले. शेजारी त्या कुंकवाची पुडी.

पुढच्या खंडेनवमीला लॅबची पूजा मी करणार. मूठभर कुंकू वाहीन. पण कपाटाला.