मालनच्या उडीचा भाव

बोरीवली (पूर्व),
रविवार, ११ जानेवारी १९८७

प्रिय सहदेव,

पत्र बघून घाबरू नकोस. सगळे जिवंत आहेत. मला स्वतःला पत्र आलं की आधी शेवट वाचायची सवय आहे, कोण गेलं ते कळायला, म्हणून हे वरच लिहून टाकतो. खोकला आहे तसाच आहे. आमची सून कुंदा म्हणते, “बाबा, काळजी करायला काही नसलं की तुम्ही आजारी पडता.” सध्या माझी तब्येत उत्तम आहे, यावरून काय ते समज.

सव्वीस जानेवारीला आमच्या सोसायटीत झेंडावंदन, सत्यनारायण आणि दुपारी खेळ असतात, हे तुला ठाऊक आहे. आम्हा म्हाताऱ्यांना दरवर्षी लिंबू-चमचा देतात. यंदा मंडळाच्या पोरांना काय सुचलं कोण जाणे, साठीच्या पुढच्यांसाठी अडथळ्यांची शर्यत ठेवली आहे. फाटकापासून निघायचं, शाळेतून आणलेला बाक ओलांडायचा, मग पोत्यात पाय घालून उड्या मारायच्या, मग खाटेखालून सरपटायचं, आणि शेवटी पाण्याच्या टाकीजवळ पाइप टाकायला खणून ठेवलेला जो चर आहे तो उडी मारून पार करायचा. हा चर दिवाळीपासून उघडाच आहे. बुजवायला माणूस मिळेना, तेव्हा पोरांनी त्यालाच शर्यतीत घेतलं. मी कमिटीला म्हटलं, अरे, पाय मोडेल कोणाचा तरी. तर म्हणतात, “काका, टेन्शन नको, बाजूला वाळू टाकू.” वाळू टाकल्याने पाय मोडत नाही असं यांना कोणी सांगितलं?

मला तेव्हा आपला सीताराम मोतद्दार आठवला. घोड्याला खरारा करता करता तो सांगायचा ना, की विलायतेत म्हणे उडीच्या शर्यतींची जत्राच भरते, घोडे कुंपणं आणि खड्डे ओलांडत पळतात, आणि माणसं चिखलात उभी राहून दिवसच्या दिवस पैसे लावत असतात. आपण हसलो होतो. महालक्ष्मीच्या रेसकोर्सचे घोडे सपाट जमिनीवर पळतानासुद्धा आपली वाट लावायचे, त्यात आणि खड्डा कशाला! पण त्याचं एक वाक्य मी विसरलो नाही. उडीच्या शर्यतीत जोरात पळणारा जिंकत नाही, कुंपणापाशी विचार करत न थांबणारा जिंकतो.

तर आता इथे ती जत्रा भरली आहे. बी विंगचे श्यामकांत प्रधान बुकी झालेत. जन्मभर सरकारी कचेरीत फायली अडवल्या, आता तळमजल्याच्या कट्ट्यावर बसून भाव फोडतात. पैसे लावायचे नाहीत असं सेक्रेटरीने बजावलंय, म्हणून सगळे चहा लावतात, कोपऱ्यावरच्या दादूच्या टपरीवरचा. रोज संध्याकाळी भाव बदलतो. काल कट्ट्यावर इतकी गर्दी होती की कुंदाला वाटलं कोणी तरी गेलं, ती चप्पल न घालता धावत खाली आली.

आता मैदानात कोण कोण आहे ते सांगतो, कारण तुझ्याशिवाय मी कधी लावलेलं नाही. आपली वाटणीच तशी होती. शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या पॅडॉकच्या कठड्याला टेकून तू घोड्यांचे पाय बघायचास, मी बुक्यांकडचा भाव बघायचो, आणि दोघांचं जुळलं तरच तिकीट काढायचं. भाव मला अजून कळतो. पाय कळत नाहीत. तेवढ्यासाठी तू हवा होतास.

फेवरिट आहेत शिवदासभाई, तळमजल्यावरचे वह्या-पेन्सिलीवाले. काटकुळे, पांढरे कॅनव्हासचे बूट, रोज पहाटे नॅशनल पार्कच्या फाटकापर्यंत चालत जातात म्हणून सगळी ए विंग त्यांच्यावर लावून बसली आहे. मला चैन पडेना. घोड्याचा सकाळचा सराव डोळ्यांनी बघितल्याशिवाय लावू नये हे तूच शिकवलंस, म्हणून मी मफलर गुंडाळून त्यांच्या मागे मागे गेलो. फाटकापर्यंत गेले, हे खरं. तिथे गरम फाफडा खाल्ला, वर जिलेबी खाल्ली, आणि रिक्षाने परत आले. मी चालत आलो. हे मी कट्ट्यावर कोणाला सांगितलेलं नाही. टीप फुटली की भाव पडतो.

दुसरे भाऊ जोगळेकर, पहिल्या मजल्यावरचे. तू त्यांना बघितलंयस, जिना उतरतात तेव्हा आधी पोट दिसतं आणि मग भाऊ. महालक्ष्मीला चांगल्या घोड्यावर जास्त वजन चढवायचे, इथे तो खर्चच नाही, वजन घरचंच आहे. बाकापाशी आले की बाकावर बसतील, अशी माझी खात्री आहे. पण खाटेचं मला भय वाटतं. हा माणूस खाटेखालून सरपटणार नाही, खाट पाठीवर घेऊन चालू लागेल, आणि खाट न्यायची नाही असं नियमात कुठेही लिहिलेलं नाही.

तिसरा तुमच्याच वाडीतला धाकू परब, सी विंगमध्ये मुलाकडे असतो. सत्तरीला आला तरी गेल्या मे महिन्यात माडावर चढून आला. पाय लोखंडाचे आहेत, एवढं मलासुद्धा दिसतं. पण घोडा बोलका आहे. एक पाय बाकाच्या अलीकडे, एक पलीकडे, अशा अवस्थेत त्याला कोणीतरी दिसेल आणि तो विचारील, “काय वो, गावाक कधी जातलास?” तिथेच शर्यत संपली.

आणि चौथं नाव वाचून तू बसला नसशील तर बस. चौथी तुझी बहीण आहे.

मी काहीही केलेलं नाही. मी खाली नावं वाचायला गेलो तर धाकूच्या खाली बायकोचं नाव, ‘मालन दशरथ राणे’. प्रधान तिला म्हणाले, “वहिनी, बायकांसाठी संगीत खुर्ची आहे.” ती म्हणाली, “खुर्चीवर बसान माझा अंग आखडता. आणि नियमात पुरुष असा खंय लिवलाहा?” प्रधानांनी नियम तीनदा वाचला. मग म्हणाले, नऊवारी नेसून बाक कसा ओलांडणार? त्यावर ती म्हणाली की कासोटा घातलेल्या बाईला बाकाचं काय सांगताय, तुमची पँट सांभाळा. कट्टा हसला. पण हसून झाल्यावर कोणी तिच्यावर एक चहा लावला नाही. भाव एकाला बारा आहे. महालक्ष्मीला या भावाचा घोडा आपण बघतसुद्धा नसू.

सहदेव, तिला त्रेसष्ट पुरी झाली. तिचा डावा गुडघा कसा आहे तुला माहीत आहे. भाजी घेऊन जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबते, आणि थांबले ते शेजारणीशी बोलायला असं दाखवते. आता रोज दुपारी, सगळे निजलेले असताना, आम्ही गच्चीवर जातो. वरच्या टाकीच्या नळाला दोरीचं एक टोक बांधतो, दुसरं मी धरतो, आणि ती उडी मारते. माझ्या दुसऱ्या हातात बामची बाटली. ती धावत आली की माझा हात आपोआप खाली जातो, तर ती हवेतूनच ओरडते, “वर धरा! वर धरा!” काल मला छातीत धडधडायला लागलं, मी खाली बसलो, आणि तिने माझ्याच छातीला बाम चोळला.

तिला धावूच नको म्हणून सांगून झालं. कुंदाने सांगितलं, पोराने सांगितलं. शेवटी मी डोकं चालवलं. बक्षिसं अशी आहेत: तिसऱ्याला स्टीलचा डबा, दुसऱ्याला प्रेशर कुकर, आणि पहिल्याला आपल्या कुडाळपर्यंत रात्रीच्या लक्झरी गाडीची दोन माणसांची जायची-यायची तिकिटं. सी विंगमधल्या टूरवाल्याने दिलीत, जाहिरात होईल म्हणून. आमच्या कुकरची शिट्टी गेली वर्षभर नीट होत नाही, डाळ कच्ची राहते आणि कुंदा आणि ती एकमेकींकडे बघतात. म्हणजे ही कुकरसाठी धावते आहे, हे मी ओळखलं. मग मी तिला आपल्या अनुभवाची गोष्ट सांगितली. म्हटलं, मालन, जिंकायचं कशाला? प्लेसला ये, दुसरी आलीस तरी पुरे. बाक शांतपणे ओलांड, चरापाशी धाकूला पुढे जाऊ दे, तू काठाने हळू उतर आणि हळू चढ. भाऊ आणि शिवदासभाई मागेच असतील. कुकर आपला. गुडघा पण आपला.

सहदेव, असा राग मी आमच्या लग्नाच्या सबंध आयुष्यात बघितला नाही. म्हणाली, “माका कुकर नको! तुमी कुकर घेवन बसा!” आणि संध्याकाळचा चहा कुंदाच्या हाती पाठवला. मी विचार करत राहिलो. कुकर नको तर हवं काय? शिवदासभाईंशी तिचं काही भांडण नाही. धाकूशी थोडं आहे, पण त्यासाठी कोणी चर ओलांडत नाही.

धाकूशी का आहे ते तुला सांगायला नको. पण मी घाबरट असलो तरी आज लिहितोच. गेल्या वर्षी तुझ्या पोराचं लग्न ठरलं. बस्ता बांधायला तू गावाहून दादरला आलास, दोन दिवस राहिलास, आणि बोरीवलीला आला नाहीस. नवऱ्या मुलाच्या आत्याचं बोलावणं तू धाकूच्या हाती पाठवलंस. त्याने पत्रिका जिन्यातच दिली, कोकमाच्या पिशवीबरोबर. अक्षता नाहीत, सुपारी नाही, घरात येऊन कुंकू नाही. मला वाटलं, गडबड असेल. तिने पत्रिका देवासमोर ठेवली, कोकम धाकूला परत दिलं, आणि म्हणाली, “आता मी आपणहान त्याच्या दारात पाय ठेवूचंय नाय.” लग्नाला मी एकटा आलो. आत्या कुठे आहे म्हणून मांडवात जो तो विचारत होता, मी गुडघा सांगत होतो, आणि तू पंक्तीत वाढत फिरत होतास, माझ्या पानाजवळ आलास की मान खाली.

आज सकाळी ती देवळात गेली असताना मी बामची दुसरी बाटली शोधायला माळ्यावरची पिशवी काढली. पिशवी भरलेली होती. तिची दोन लुगडी, माझा स्वेटर, माझी खोकल्याची गोळी, सगळ्यात खाली एक दुपटं. तिच्या त्या जुन्या हिरव्या लुगड्याचं, बारीक टाके घालून शिवलेलं. तुझ्या सुनेला दिवस गेलेत हे धाकूने कट्ट्यावर सांगितलं होतं, ती तेव्हा भाजी निवडत वर बघतसुद्धा नव्हती. मी पिशवी होती तशी ठेवायला गेलो, पण माझ्याच्याने कधी काही होतं तसं ठेवलं गेलंय? ती आली आणि तिला लगेच कळलं. स्वयंपाकघरात जाऊन कुंदाला मोठ्याने सांगू लागली, म्हणजे मला ऐकू यावं. “मी काय आपणहान जातंय? बक्षीस लागला तर जावकच व्हया. फुकटची गाडी काय रिकामी धाडतलंय?”

तर असा हा सगळा मामला आहे. ती कुकरसाठी नाही, कुडाळच्या गाडीसाठी, म्हणजे तुझ्यासाठी धावते आहे, आणि मी तिला दुसरी यायला शिकवत होतो. मग दुपारी मी खाली गेलो आणि प्रधानांकडे सगळे चहा तिच्यावर लावले, विनला, प्लेसला नाही. प्रधान म्हणाले, “राणे, बायकोची भीती वाटते म्हणून लावता का?” मी म्हटलं हो. टीप फोडली नाही.

पण चहा गेला त्या चरात. तू सव्वीसच्या आत ये. हातात अक्षता आणि नारळ घेऊन ये, आणि सुनेच्या ओटीभरणाचं बोलावणं तिला घरात येऊन, पाटावर बसवून, कुंकू लावून कर. मी लिहिलं असं सांगू नकोस, सांगितलंस तर मला गच्चीवर दोरीची दोन्ही टोकं धरावी लागतील. तू आलास तरी ती धावणारच, मी तिला ओळखतो, नाव दिलंय म्हणेल. तूच मला सांगितलं होतंस ना, लहानपणी वाडीच्या खालचा व्हाळ पावसाच्या पाण्याने भरला की ती डोक्यावर गवताचा भारा घेऊन एका उडीत पलीकडे जायची, तू अलीकडे उभा राहून रडायचास, आणि मग भारा टाकून ती परत उडी मारून यायची, तुला पाठुंगळी घ्यायला? आता तिला तशी दोनदा उडी मारायला लावू नकोस. एक दिवस आधी येऊन तिचे पाय बघ आणि मला खरं काय ते सांग. आणि शर्यतीच्या वेळी बाकी सगळे फाटकापाशी ओरडत असतील तेव्हा तू खालच्या टाकीकडे, चराच्या पलीकडच्या काठावर उभा राहा. सीताराम म्हणायचा तसं, ती तिथे विचार करत थांबणार नाही. पडलीच, तर धरायला तू असशील.

स्वेटर घेऊन ये, इकडे थंडी आहे.

तुझाच, काळजीने लठ्ठ होत चाललेला,
दशरथभावोजी