वारज्याच्या दुकानातल्या दोन बाटल्या

बाबा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तरी वारज्याच्या त्या दुकानासमोरून जाताना मी अजून मान खाली घालते. माझ्या लग्नाआधीची गोष्ट. माझ्या कंपनीतल्या साहेबांनी नाताळला सगळ्या टीमला घरी जेवायला बोलावलं होतं आणि वाईन आणायचं काम माझ्यावर टाकलं होतं. परदेशी कुणाला पाठवायचं ते त्यांच्याच हातात, त्यामुळे नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. तुम्ही जन्मभर सुपारीसुद्धा न खाल्लेले गणिताचे मास्तर. दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी स्कूटर काढलीत. "तसल्या दुकानात एकटी जाऊ नकोस. आणि आपल्या कोथरूडात तर नकोच," एवढंच म्हणालात.

दुकानाला जाळी, जाळीला गर्दी. सगळे पुरुष माझ्याकडे बघताहेत आणि तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून, दुधाच्या पिशवीवरची वाचता तशी, बाटलीवरची तारीख वाचताय. "अहो, ही दोन वर्षं जुनी आहे. या महिन्यातली द्या."

"आजोबा, वाईन आहे ती, मेथीची जुडी नाही," दुकानदार म्हणाला.

लाल की पांढरी, हेही आपल्याला ठरवता येईना, म्हणून एकेक घेतली. मी हसू दाबत होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "मास्तर, तुम्ही?" शेजारचे काका. चारच दिवसांपूर्वी माझ्यासाठी स्थळ घेऊन आलेले. त्यांची नजर माझ्या हातातल्या बाटल्यांवर. तुम्ही त्या माझ्या हातातून काढून घेतल्यात आणि शांतपणे म्हणालात, "माझ्यासाठी आहेत. पोरगी मला अडवायला आलीय." काका स्वतः एवढ्या लांब कशाला आले होते, हे विचारायचं आपल्या दोघांनाही सुचलं नाही.

परदेशी दुसरंच कुणी गेलं. स्थळ मात्र जमलं, लग्न झालं. पण सोसायटीच्या गणपतीत मुलांना अथर्वशीर्ष शिकवायचं तुमचं काम पुढच्या वर्षी दुसऱ्याकडे गेलं. "वय झालं आता," म्हणत तुम्ही आरतीलाही मागे उभे राहायला लागलात. मी माहेरी आले की ते बघायचे, आणि काकांना खरं काय ते आज सांगू, उद्या सांगू करत परत जायचे. मी भित्री होते, बाबा. सासरचे काय म्हणतील, ही भीती मला तुमच्या अब्रूपेक्षा मोठी वाटली. तुम्ही शेवटपर्यंत तो विषय काढला नाहीत, आणि त्याचा मला रागही येतो. एकदा तरी ओरडायचंत.

आज नाताळ. तुमची नात मैत्रिणीकडे जेवायला निघालीय, न्यायच्या वाईनच्या बाटल्या टेबलावर राजरोस मांडून. मघाशी तिने विचारलं, "आई, आजोबा चोरून घ्यायचे ना? पप्पा सांगत होता. त्यांना कुठली आवडायची?" आता खरं सांगून कुणाचं काही बिघडणार नव्हतं. नवरा समोर पेपर वाचत बसला होता.

मी म्हटलं, "लाल."