तीसपैकी एकोणीस

३ जुलै, सकाळी ७
एक कोडे. बाळ कोणाच्याही गमतीवर हसले, की लगेच वळून आईच्या तोंडाकडे का पाहते? आमचा अंगद, वय चार महिने, तसे पाहतो आणि हसणे मिटवून टाकतो. विज्ञानशिक्षक या नात्याने माझा निष्कर्ष: उद्दीपन अपुरे. पाळण्यावर काळ्या-पांढऱ्या चौकटींचा तक्ता टांगला. आठवडाभरात खळखळून हसेल.

५ जुलै
तक्त्याकडे बाळ पाहत नाही. तक्ता मोठा केला.
महिन्यापूर्वी माहेराहून परतल्यापासून माझी पत्नी स्वप्नाली गप्प असते. शांत स्वभाव. माझी आई म्हणाली, आरं, पोरगी दोन दिस धड जेवली न्हाई, तुला दिसतंय का? मी आईला बाळंतिणीच्या आहाराचे कोष्टक लिहून दिले.

९ जुलै
आरोग्य उपकेंद्राच्या शाईस्ता सिस्टर आल्या. बाळंतिणीला दहा प्रश्न: गेल्या सात दिवसांत मन कसे होते? याचा बाळाच्या वाढीशी संबंध असतो, म्हणाल्या. तो संबंध मीच त्यांना पंचवीस मिनिटे समजावून दिला. बाळ हसू चेंडूसारखे टाकते. आईने परत टाकले, की मेंदूतल्या जोडण्या पक्क्या होतात. आई मनाने खचलेली असली, की चेंडू परत येत नाही. हळूहळू बाळही टाकणे कमी करते. म्हणून आधी आईला विचारायचे. वेळेत उपचार झाले, तर दोघेही सावरतात.
सिस्टर म्हणाल्या, सर, लई झ्याक सांगता, आता वहिनींना बोलू द्या. वेळ वाचावा म्हणून दहाही उत्तरे मी दिली.
गुण: शून्य.
माझ्या घरात शून्य!

१० जुलै
फेरपरीक्षेसाठी लेखी अर्ज केला. स्वप्नालीला आदर्श उत्तरे देऊ केली. ती म्हणाली, मला वाटंल तेच सांगन. स्वतंत्र विचार! अशीच मुले बोर्डात येतात.

१२ जुलै
अर्ज मंजूर. अट एकच: परीक्षेच्या खोलीत नातेवाईक नको. मी ओट्यावर. दहा प्रश्नांना चाळीस मिनिटे. मधेच आतून रडण्याचा आवाज आला. पेपर कठीण असावा.
स्वप्नालीला विचारून सिस्टरांनी निकाल सांगितला: तीसपैकी एकोणीस. त्रेसष्ट टक्के, प्रथम श्रेणी! घाटनांदूरच्या बाजारातून पाव किलो पेढे आणले. पहिला सिस्टरांना. त्यांनी तो हातातच धरला. म्हणाल्या, सर, ह्यात जितके मार्क जास्त, तितकं दुखणं जास्त. त्या दिवशीचं शून्य तुमचं व्हतं. ह्ये एकोणीस वहिनींचे हायत. उद्याच अंबाजोगाईला डॉक्टरला दाखवायचं.
पेढे कोणी खाल्ले नाहीत.

१३ जुलै
डॉक्टरांसाठी मी टिपणे काढली होती. त्यांनी मला बाहेर बसवले. उपचार सुरू, बरे वाटेल, म्हणाले. परतताना एसटीत स्वप्नाली म्हणाली, चार महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझं बोलणं मधी तोडलं न्हाई.
यावर मला बरेच काही सांगायचे होते.

१४ जुलै
घरगुती चाचणी. कोणालाही करता येईल. साहित्य लागत नाही. बाळंतिणीजवळ बसावे. 'कशी आहेस?' विचारावे. तिचे उत्तर संपेपर्यंत तोंड उघडू नये.
पहिला प्रयत्न: ती म्हणाली, मला ना... मी म्हणालो, अशक्तपणा. कालावधी दोन सेकंद.
ती म्हणाली, परत विचारा.
दुसरा प्रयत्न: चार सेकंद.