पाच मिनिटं आणि देवघरातली घंटा

शाहपूर,
१८ जानेवारी

प्रिय उमेश,

फोन सोडून पत्र पाठवतेय म्हणून घाबरू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. हातपाय गार पडलेत ते माझे, परवापासून. परवा बुऱ्हाणपुरात आमच्या शेतकरी कंपनीची केळी परिषद झाली आणि तिथे अण्णा बोलले. माइक दिसला की पंगत वाढायला पळणारे आपले अण्णा.

अशा परिषदांत पुढारी बोलतात आणि शेतकरी पेंगतात, हे तुला माहीतच आहे. म्हणून यंदा मी भांडून एक सत्र मागून घेतलं. बारा शेतकरी, प्रत्येकाला पाच मिनिटं आणि विषय एकच, माझं कुठे चुकलं. चूक सांगायला कोण येणार, म्हणून कार्यालयातले हसले. मी गावोगाव फिरून नावं गोळा केली. डोईफोडियाच्या गोदाबाई सगळ्यांत आधी तयार झाल्या. आईच्या देवघरातली घंटा नेली आणि बजावलं, पाच मिनिटं झाली की घंटा, मग वाक्य अर्धं राहिलं तरी खाली बसायचं. मध्येच माइक घेऊन आभार मानू लागलेल्या अध्यक्षांनाही मी घंटा वाजवून बसवलं. टाळ्या पडल्या. मी जरा फुशारलेच.

बारावा माणूस ऐनवेळी आला नाही. त्याची जागा कुणी घेतंय का, असं मी विचारलं आणि मागच्या रांगेतून अण्णा उठले. मला वाटलं चहाला निघाले. ते सरळ मंचावर आले आणि टोपी काढून हातात धरली. मी मोबाइलवर वेळ लावली.

त्यांनी अकरा वर्षांपूर्वीच्या आपल्या मळ्याचा विषय काढला. तू हट्टानं टिश्यूकल्चरची रोपं लावलीस आणि महिनाभरासाठी इंदूरला गेलास. चाळीसेक रोपं मेली होती. नर्सरी बदली रोपं देणार होती, पण अण्णांना दम निघेना. त्यांनी शेजारच्या भिकनकाकांच्या बागेतले कंद आणून नांग्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागा, भरल्या आणि तुला सांगितलं, नर्सरीनं रोपं दिली. त्या कंदांत हरण्या रोग होता. दोन महिन्यांत पानांवर पिवळे पट्टे पसरले, पाच हजार झाडं उपटून टाकावी लागली, आणि अण्णांनी चारचौघांत बोट दाखवलं ते तुझ्या रोपांकडे. पुढचं तुला मी काय सांगू? तू पीथमपूरची नोकरी धरलीस. दिवाळीला येतोस, दोन दिवस राहतोस, मळ्याच्या वाटेला जात नाहीस.

अण्णा म्हणाले, "पोराच्या रोपात काहीच खोट नव्हती. रोग मी आणला, अन् नाव त्याचं घेतलं."

समोर दोनशे माणसं होती. भिकनकाका मान खाली घालून बसले होते. मला तर आपण कुठे बसलोय तेच कळेना. या माणसानं कधी आईजवळसुद्धा चूक कबूल केलेली नाही. मग ते म्हणाले, "त्या दिवशी मी एकटा नव्हतो," आणि घंटा वाजली. अण्णा नियमाचे पक्के. तिथेच थांबले, हात जोडले आणि खाली उतरले. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

उमेश, घंटा माझ्या हातात होती आणि मोबाइलवर तीन मिनिटं वीस सेकंद झाले होते. त्या दिवशी कंदांची टोपली माझ्या डोक्यावर होती. पहिले पट्टे मी लावलेल्या झाडांवरच आले, तेव्हाच मला सगळं कळलं होतं. अण्णांनी गप्प राहा म्हटलं आणि मी राहिले. तू बॅग भरत होतास तेव्हा तुझ्या शर्टांच्या घड्या मीच घालून दिल्या. परवा घंटा वाजवली ती भीतीनंच, दुसरं कारण शोधलं तर ते खोटं ठरेल. लोकांना चुका सांगायला लावत गावोगाव हिंडले आणि माझी चूक निघणार म्हटल्यावर अण्णांचं तोंड बंद केलं. घरी आल्यावर अण्णांनी घंटा घासून देवघरात ठेवली. मला एका शब्दानं विचारलं नाही. त्यांचे उरलेले एक मिनिट चाळीस सेकंद तुझे होते, उमेश. ते मी या पत्रात पाठवतेय.

तुझीच, असं अजून म्हणू दिलंस तर,
रोहिणीताई