भारतचा गुडघा

२८ सप्टेंबर २०१५

हरले! धारूरच्या पोरांनी आपल्याच मैदानावर धुऊन काढलं. आणि आमचे चेअरमन विठ्ठलराव माईकवर काय म्हणतात — सरावाचा सामना आहे, मनावर घेऊ नका. हरल्यावर सगळेच सामने सरावाचे होतात!

दूध संस्थेची कबड्डी टीम म्हणे. छातीवर गाईचं चित्र, पाठीवर चेअरमनचं नाव. खेळही गाईसारखाच, रवंथ करत चालू होता. डाव्या कोपऱ्यातला पोरगा समोरच्याचा पाय धरायच्या ऐवजी स्वतःची चड्डी धरून उभा! मधल्या दोघांनी एकमेकाचे हात धरले ते सोडीचनात. जत्रेत हरवतील अशी भीती वाटली असेल.

आणि चेअरमनचा पुतण्या! हा चढाईला जातो की सासुरवाडीला, तेच कळत नाही. रेघ ओलांडली, उभा राहिला, इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आता कोणीतरी पाट मांडेल अशा थाटात! धारूरवाल्यांनी पाट नाही मांडला, पाठच लावली त्याची मातीला.

खेळला एकटा भारत. गेला की एक-दोन बाद करूनच माघारी. त्याला जर बसवलं तर दसऱ्यानंतरच्या चषकात आपण पहिल्याच फेरीत घरी. मी संस्थेचा सेक्रेटरी, पण निवडीत मला कोण विचारतो? मी आपला दुधाचा फॅट लावायचा.

३० सप्टेंबर

खरी निवड समिती बसते खाजामियाँच्या पंक्चरच्या दुकानात. मी, खाजामियाँ आणि किराणावाला राधाकिशन. आज तासभर एकच विषय — भारत राहतो का जातो.

मागच्या दोन्ही वर्षी तो म्हाताऱ्या मायला, दगडाबाईला, घेऊन ऊसतोडीला गेलता. तेव्हा आपली टीम कशी खेळली ते लिहायला नको. पण यंदा दगडाबाईची कंबर गेली. आणि मुकादमाचं गणित सरळ आहे — दोघं मिळून एक कोयता. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधायची. नवरा-बायको असोत नाहीतर माय-लेक, जोडी पाहिजे. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, त्याला गाडीत कोण घेतो?

म्हणजे भारत यंदा अर्धा. आणि अर्धा आहे तोवर आपला!

चेअरमननं त्याला शब्दही दिलाय — टीममध्ये निवड झाली की दुधाच्या गाडीवर नोकरी. त्याच्यावरच पोरगा टिकून आहे. रानात कुसळ उगवलं नाही, दुसरं करील काय?

भीती एकाच गोष्टीची, लग्नाची. पोरगी मिळाली की कोयता पुरा, आणि भारत पार कोल्हापूरकडं. पण सध्या पितृपंधरवडा चालू आहे, सोयरिकीचं कोणी तोंडातून काढत नाही. राधाकिशन म्हणाला, "आश्रुभाऊ, जित्यांनी टीम बुडवली, मेलेल्यांनी राखली!"

३ ऑक्टोबर

पुतण्यानं भारीतले बूट आणले. मातीत खेळायला बूट! खाजामियाँ म्हणाला, "इसकू बोलो, हवा इधर फुकट भरके देता मैं."

६ ऑक्टोबर

मैदान नुसता दगड झालंय. पडलं की कातडं सोलून निघतं. चेअरमनला काय सुचलं, गावाला आलेला टँकर थेट मैदानावर वळवला — माती बसवायला! एक कोपरा भिजतो न भिजतो तोच बाया घागरी घेऊन आल्या. पुढं कोण? आमची मंडळी, वच्छला! "कावून हो चेअरमन, तुमच्या कबड्डीला तहान लागली व्हय?"

बायांनी टँकर असा घेरला की अशी पकड आमच्या सातजणांना जन्मात जमायची नाही. चेअरमन जीपमध्ये बसून गायब! आजच्या दिवसातली एकमेव बरी चपळाई तीच.

गावात लोक मला म्हणतात, सेक्रेटरी, दुधात पाणी घालता. अरे, पाणी आहे कुठं घालायला!

९ ऑक्टोबर

आमची लेक शिवकन्या दूध संकलन केंद्राच्या गच्चीवरून सराव बघते. बीए झाली, तेविसावं सरलं, घरात बसून करील काय, म्हणून संध्याकाळी केंद्रावर मदतीला घेतो. आज मला शिकवायला लागली — "अण्णा, भारतला उगं उजवीकडून पाठवतात. तो डावीकडून गेला की कोपऱ्याला कळतच न्हाई, पाय कुठून आला."

म्हटलं, पोरीच्या जातीनं कबड्डीतलं काय सांगावं! बोनसची रेघ कुठली ते तरी माहीत आहे का?

रात्री जेवताना वच्छलाला सांगितलं, अंबाजोगाईचं स्थळ आलंय, पोरगा बँकेत आहे. शिवकन्या ताट घेऊन उठली. लाजली असेल.

१० ऑक्टोबर

भारत आज डावीकडून गेला. तिघं बाद. मी आधीच म्हणत होतो.

१३ ऑक्टोबर

घट बसले आणि संकट दारात! सकाळीच धारूरकडचा एक पटका घातलेला बाप मोटरसायकलवर आला. पंक्चर काढायला थांबला खाजामियाँकडं — हे आमचं नशीब! विचारतो, दगडाबाईचा भारत कसा आहे? पोरगी द्यायचीय, गाडी भरायच्या आत उरकायचंय. तुळशीच्या लग्नाआधी मुहूर्त नसतो म्हणतात, पण कोयत्याला कसला आलाय मुहूर्त!

मी म्हटलं, पोरगा सोन्यासारखा. निर्व्यसनी. कष्टाळू. मग जरा थांबलो, उसासा टाकला आणि म्हटलं, "तेवढा गुडघा..."

"गुडघा?"

"काही न्हाई हो. कबड्डीत मुरगळला. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढताना जरा..."

खाजामियाँ ट्यूब पाण्यात बुडवून, मान खाली घालून हळूच म्हणाला, "अल्ला रहम करे."

बस्स! चहासुद्धा न पिता गेला बिचारा. पंक्चरही अर्धंच काढून घेतलं. आम्ही तिघं इतके हसलो की राधाकिशनला ठसका लागला.

यात वाईट काय? पोराला गाडीवर नोकरी लागणारच आहे. लग्न पुढच्या वर्षी करील. लग्न काय पळून चाललंय का!

१५ ऑक्टोबर

आणखी एक स्थळ परतवलं. हे राधाकिशननं केलं आणि त्यानं घोळ घातला — दोन्ही गुडघे सांगितले! म्हटलं, बे, एक पुरे होता. असा माणूस चालेल तरी कसा, शंका नाही का येणार लोकांना?

दळणाच्या गिरणीत बाया बोलत होत्या म्हणे, भारतच्या गुडघ्याची वाटी बदलायला सांगितलीय, पुण्याला न्यावं लागतंय. आमच्या गावात माणसापेक्षा बातमी जास्त पळते. टीममध्ये बातमीलाच घ्यायला पाहिजे.

१७ ऑक्टोबर

टीम जाहीर झाली. भारत नाही!!

चढाईला पुतण्या. बुटासकट! भारतचं नाव बदली खेळाडूतसुद्धा नाही. तडक चेअरमनकडं गेलो. म्हटलं, विठ्ठलराव, डोळे फुटले का तुमचे? तर माझ्याकडंच हात करून म्हणतात, "सेक्रेटरी, गावभर तुमीच सांगत फिरलात ना, गुडघा गेलाय म्हणून? लंगडा माणूस कसा घेऊ मी? संस्थेच्या नावाचा सवाल हाय."

मी म्हटलं, ते मी आपलं... ते तसं नव्हतं.

"मग कसं होतं?"

उठून आलो. आणि गाडीवरची नोकरी? तीही गेली. लंगड्याला दुधाचे कॅन कसे उचलतील, म्हणे. तिथंही पुतण्या! माझ्या खोट्याचा फायदा कोणाला झाला तर त्या बुटाला!

विठ्ठलरावाला चांगलं ठाऊक आहे, गुडघा ठणठणीत आहे ते. पण निमित्त मी हातात नेऊन दिलं. चिडचिड नुसती.

१८ ऑक्टोबर

भारत केंद्रावर आलता. वाटलं भांडेल. भांडला असता तर बरं झालं असतं. नुसता म्हणाला, "काका, माझ्या गुडघ्याला काय झालंय ते सगळ्या गावाला ठावं, मलाच न्हाई." शिवकन्या आत कॅन धूत होती, तिच्या हातातून झाकण पडलं. धांदरट!

संध्याकाळी मला विचारते, "अण्णा, हे गुडघ्याचं कुणी उठवलं?"

म्हटलं, लोकांना कामं नाहीत.

"मग आता त्याला पोरगी कोण देईल?"

"न देवो. चषक तरी होऊ दे."

"तुम्ही दिली असती?"

मला हसूच आलं. म्हटलं, सेक्रेटरीची लेक उसाच्या फडात, पाचटाच्या खोपीत? डोकं ठिकाणावर आहे का तुझं? काहीही विचारते. वच्छलानं फार शिकवून ठेवलंय तिला.

२० ऑक्टोबर

चौसाळ्याशी शेवटचा सराव. काय वर्णावं! पुतण्याचा बूट रेघेवर अडकला आणि साहेब तोंडावर. पहिल्या डावातच लोण चढला. सगळी टीम मैदानाबाहेर एका रांगेत — ग्रुप फोटो काढायला आल्यासारखी. पोरं ओरडायला लागली, भारत! भारत! मग बाप्येही. मग भिंतीवरच्या बायाही. गच्चीवरून सगळ्यात मोठा आवाज आमच्या शिवकन्येचा. घसा बसेल म्हटलं हिचा.

चेअरमनचा नाइलाज झाला. दुसऱ्या डावात भारत उतरला. आणि मग! डावीकडून गेला, उजवीकडून गेला, एकदा तर मधल्या दोघांच्या डोक्यावरून उडी मारून आला. गुडघा! खाजामियाँ माझ्या पाठीत गुद्दे घालत ओरडत होता, "कहाँ हाय रे गुडघा, कहाँ हाय!"

जिंकलो. चेअरमननं जागेवरच सांगितलं — रविवारी चषकात भारत खेळणार. गाडीवरच्या नोकरीचं मी विचारलं तर म्हणे, ती दिली, आता काय काढून घेऊ? म्हणजे खेळायला भारत, पगाराला पुतण्या. वा रे सहकार!

असो. ते नंतर बघू. आधी चषक.

२१ ऑक्टोबर

आज लई दिवसांनी निवांत आहे. खाजामियाँच्या दुकानात ठिय्यावर बसून सगळं मोजून बघितलं. टीममध्ये भारत आला. गाव सोडून तो जाऊ शकत नाही, कारण मुकादम एकट्याला नेत नाही. आणि गुडघ्याची बातमी आता पार बीडपर्यंत गेलीय, म्हणजे पोरगीही कोणी देत नाही. राधाकिशन म्हणाला, "आश्रुभाऊ, तुमी चेअरमन व्हायला पायजे होते." खरंच आहे. डोकं लागतं.

अंबाजोगाईवाल्यांना दिवाळीनंतर यायला सांगितलं.

२२ ऑक्टोबर, दसरा

गल्लीत टोळ्यांनी कोयत्यांची पूजा केली. मुकादम गहिनीनाथ ट्रक घेऊन आलाय, उद्यापासून भरायला सुरुवात. अर्धं गाव रिकामं होणार. म्हणजे चषकाला टाळ्या वाजवायला म्हातारे आणि आम्ही तिघं!

भारत सोनं द्यायला घरी आलता. नवा शर्ट. आधी वच्छलाच्या पाया पडला, मग माझ्या — चांगला दोन्ही गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून. सोनं द्यायला आलेला खाजामियाँ बाजूलाच बसलता, त्याला मी डोळा मारला, बघ गुडघा कसा वाकतो!

म्हटलं, रविवारी मार त्यांना. तर म्हणतो, "काका, तुमी फक्त आशीर्वाद द्या."

दिला. डोक्यावर हात ठेवून, तोंड भरून दिला. फुकटचा आशीर्वाद द्यायला आपलं काय जातं! वच्छलाच्या डोळ्यात उगाच पाणी. हिला सणासुदीला रडायची खोडच आहे.

२४ ऑक्टोबर

शिवकन्या कालपासून मैत्रिणीकडं गेलीय, वच्छला म्हणाली, म्हणून कॅनही मीच धुतले. सकाळी केंद्रावर फॅट लावत होतो, गहिनीनाथचा फोन आला. "काका, गाडी निघाली. भारतचा कोयता पुरा झाला. काल कपिलधारला हार घातले, मी हुतो."

मी शिव्या घातल्या. म्हटलं, उद्या चषक आहे रे! आणि त्या लंगड्याला कोणत्या आंधळ्यानं दिली पोरगी?

ट्रकचा आवाज येत होता नुसता.

मग म्हणाला, "काका, घरी जाऊन बघा."